शेव्हेल घ्यायचीय? मग आधी तिला धुऊ नकोस

वाचकाचं पत्र:

नमस्कार दादा, मी मूळचा नाशिकचा, आता मिशिगनमध्ये नोव्हायला असतो. आमच्या घरामागच्या गल्लीत एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे मिस्टर फ्लिंटला जीएमच्या, म्हणजे जनरल मोटर्सच्या, प्लांटमध्ये होते, ते गेल्या वर्षी वारले. गॅरेजमध्ये त्यांची १९७० ची शेव्हेल एसएस ३९६, म्हणजे जीएमच्याच शेवरलेची जुनी दणकट इंजिनाची मसल कार, उभी आहे, त्यांनी स्वतः नवी कोरी घेतलेली, फोर-स्पीड, लाल, बोनेटवर काळे पट्टे आणि टपाला काळं व्हिनाइल. १९८७ पासून बंद आहे. मीटरवर ४१ हजार मैल. बोनेटवरचा रंग पार उडालाय, ड्रायव्हरची सीट उसवलीय. आजी ३८ हजार डॉलर म्हणतात. एका रिस्टोरेशनवाल्याला फोटो दाखवले तर तो म्हणाला सगळी खोलून नवीन रंग मार, किंमत दुप्पट होईल. माझा मित्र म्हणतो ती एसएस आहे कशावरून, साध्या शेव्हेलला, म्हणजे मालिबूला, एसएसचे बॅज लावले की झालं. पुढच्या शनिवारी ओहायोहून एक जण बघायला येतोय. बायको म्हणते एवढ्या पैशात नवीन गाडी येईल. काय करू?

उत्तर:

अरे मित्रा, सगळ्यात घाईचं आधी सांगतो. ती गाडी कुणालाही धुऊ देऊ नकोस. गिऱ्हाईक येणार म्हटलं की घरातलं कुणीतरी चांगल्या मनाने बादली नाहीतर प्रेशर वॉशर घेऊन येतं आणि बोनेट उघडून इंजिनावर पाणी मारतं, मग फायरवॉलवरची, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावरची, खडूची खूण, सस्पेन्शनवर प्लांटमधल्या माणसाने ब्रशने मारलेला रंगाचा ठिपका, होजवरची छापील अक्षरं, एअर क्लीनरवरचं अर्धं उरलेलं स्टिकर, सगळं पाच मिनिटांत गटारात जातं. ते परत येत नाही. नवीन स्टिकर विकत मिळतात, ठिपकेही मारून देणारे लोक आहेत, पण तुझ्यासमोर आहे ते १९७० मध्ये प्लांटमधल्या माणसांच्या हातून झालेलं आहे आणि तू जे पैसे मोजणार आहेस त्यातले बरेचसे त्याचेच आहेत.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे बघ. रिस्टोअर केलेल्या गाडीत आपण काम विकत घेतो, कुणाचं तरी डेंटिंग-पेंटिंग, क्रोम, अपहोल्स्ट्री, चांगलं असलं तर चांगले पैसे द्यायचे. न खोललेल्या गाडीत आपण पुरावा विकत घेतो. ती कशी बनली, कोणत्या आठवड्यात बनली, तिच्यात काय बसवलं होतं, हे गाडी स्वतःच सांगत असते, आणि किंमत ठरते ती यावर की ती सांगतेय ते सगळं एकमेकांशी जुळतंय की नाही. चकाकीचा इथे फारसा संबंध नाही. म्हणून त्या रिस्टोरेशनवाल्याचा सल्ला बाजूला ठेव. तो वाईट माणूस असेल असं नाही, त्याचा धंदा तो आहे. पण हे नीट समजून घे की सगळी बॉडी फ्रेमवरून काढून केलेलं पूर्ण रिस्टोरेशन अमेरिकेत आज सहज लाख डॉलरच्या आसपास जातं आणि एसएस ३९६ ही काही एवढी दुर्मिळ गाडी नाही की ते पैसे परत येतील. वर जे होतं ते गेलेलं असेल ते वेगळंच.

आता तुझ्या मित्राचा प्रश्न. तो प्रश्न अगदी बरोबर विचारतोय, त्याच्यावर चिडू नकोस. १९६६ ते ६८ पर्यंत शेव्हेल एसएस ३९६ ची स्वतःची सिरीज होती, गाडीचा व्हीआयएन, म्हणजे कारखान्याने दिलेला नंबर, १३८ ने सुरू झाला की विषय संपला. १९६९ पासून शेवरलेने एसएस हे ऑप्शन पॅकेज करून टाकलं आणि तिथून गोंधळ सुरू झाला. तुझ्या आजींच्या गाडीचा व्हीआयएन १३६३७० ने सुरू होणार, त्यात १३६ म्हणजे व्ही-एट मालिबू, ३७ म्हणजे दोन दारांची स्पोर्ट कूपे, शून्य म्हणजे १९७०, पुढचं अक्षर प्लांटचं, एफ असेल तर फ्लिंट. बस. एसएस आहे की ३०७ क्युबिक इंचाच्या लहान इंजिनाची साधी मालिबू हे त्या नंबरात कुठेच नाही, आणि फायरवॉलवर जी बॉडीची पत्र्याची प्लेट असते ना, ट्रिम टॅग म्हणतात तिला, तिच्यावरही नाही. टॅगवर रंगाचा कोड मिळेल, आतल्या सीटच्या कापडाचा मिळेल आणि बॉडी कोणत्या महिन्याच्या कोणत्या आठवड्यात बनली ते मिळेल, उदाहरणार्थ ०२ए म्हणजे फेब्रुवारीचा पहिला आठवडा. लाल रंग असेल तर ७५ असायला हवा, क्रॅनबेरी रेड. तिथे दुसराच आकडा निघाला तर गाडी आधी वेगळ्या रंगाची होती, मग पुढचं सगळं दुप्पट संशयाने बघायचं.

हीच गाडी जीएमच्याच पॉन्टिॲकची असती तर तुझं काम सोपं होतं. १९६६ ते ७१ च्या त्यांच्या जीटीओ मसल कारचा नंबर २४२ ने सुरू होतो आणि वर पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याच्या रेकॉर्डची प्रत मागवता येते. फोर्डवाल्यांना १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी मार्टी रिपोर्ट आहे, तोही कारखान्याच्या नोंदींवरूनच बनतो. डॉज-प्लिमथमध्ये तर नंबरातलं पाचवं अक्षरच इंजिन सांगतं, १९७० मध्ये आर म्हणजे ४२६ हेमी, व्ही म्हणजे ४४० सिक्स पॅक. शेव्हेलला ही चैन नाही. कॅनडात विकलेल्या गाड्यांची माहिती जीएम कॅनडाकडून मिळते, पण ही तर मिशिगनची. आणि नंबरावरून गाडीचा इतिहास देणारं कारफॅक्स वगैरे विसर, १७ अक्षरी नंबर १९८१ पासूनचे, त्याआधीच्या गाड्यांना ते लागूच होत नाही. म्हणून इथे कागद आणि लोखंड दोन्ही आपणच वाचायचं.

कागदातला राजा म्हणजे बिल्ड शीट. प्लांटमध्ये गाडी लाइनवरून पुढे सरकताना कामगारांना कुठला भाग बसवायचा ते सांगणारा हा छापील कागद, काम झालं की तो कुठेतरी कोंबून द्यायचे आणि तो तिथेच राहून जायचा. शेव्हेलमध्ये बहुतेक वेळा पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या बाजूला सापडतो, कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये. टाकी उतरवायची घाई करू नकोस, पन्नास वर्षांचा कागद हातात आला की भुगा होतो. एक पातळ वायरवाला इन्स्पेक्शन कॅमेरा मिळतो, तो टाकीच्या वर घालून आधी जागेवरच फोटो काढ, आजींसमोर. मागच्या सीटचा खालचा गादीचा भाग उचलून स्प्रिंगांमध्ये बघ, तिथे बहुतेक उंदराचं घरटं असेल आणि त्या घरट्यातच कागदाचे तुकडे असतील, तेही टाकायचे नाहीत, पिशवीत घालून ठेवायचे. त्यावर व्हीआयएनचे आकडे आणि एसएसचं पॅकेज, ३९६ साठी झेड२५, दिसलं की तुझ्या मित्राला पार्टी दे. दुसरा कागद, खरं तर तो कागद नाही, वॉरंटीच्या पुस्तिकेत एक छोटी धातूची पट्टी असायची, प्रोटेक्ट-ओ-प्लेट, तिच्यावर गाडीचा नंबर आणि इंजिन, गिअरबॉक्स, मागच्या ॲक्सलचे कोड उठवलेले असतात. ग्लव्ह बॉक्स बघ, आणि आजींच्या कपाटातलं जुन्या कागदांचं पाकीट असेल तर तेही.

तोवर डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टी. खऱ्या १९७० च्या एसएसला बारा बोल्टचा मागचा ॲक्सल, पुढे पॉवर डिस्क ब्रेक, गोल मीटरांचा डॅशबोर्ड, मागे वळणावर गाडी कलू न देणारा स्वे बार आणि ॲक्सल धरून ठेवणारे खालचे कंट्रोल आर्म बॉक्ससारखे बंद केलेले, हे सगळं असायला हवं. यातली प्रत्येक वस्तू नंतर बसवता येते हे खरं, पण मी बघितलेल्या नकली गाड्यांमध्ये लोक समोरून दिसणारं सगळं करतात आणि खाली झोपल्याशिवाय दिसत नाही तिथे आळस करतात. म्हणून जुने कपडे घालून जा, टॉर्च घे, खाली झोप.

इंजिन. इथे जरा सावकाश वाच. बोनेट उघडलंस की गाडीच्या पुढे उभा राहून, पॅसेंजरच्या बाजूच्या सिलेंडर हेडच्या अगदी पुढे ब्लॉकवर एक बोटभर रुंदीची सपाट पट्टी दिसेल, बहुतेक तेलाच्या काजळीखाली असेल. तिथे ना वायर ब्रश लावायचा ना सँडपेपर. कापडावर थोडं सॉल्व्हंट घेऊन हलक्या हाताने पुसायचं. दोन गोष्टी उमटलेल्या असतील. एक, टी अक्षराने सुरू होणारा कोड, टी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडा प्लांट जिथे शेवरलेची बिग-ब्लॉक, म्हणजे मोठ्या आकाराची, इंजिनं बनायची, त्यापुढे चार आकडे म्हणजे महिना आणि दिवस, आणि शेवटी इंजिन कुठलं ते सांगणारी अक्षरं. दुसरी, गाडीच्या नंबराचा तुकडा, १०एफ आणि पुढचे सहा आकडे, ते डॅशबोर्डवरच्या नंबराशी एकेक आकडा जुळवायचे. जुळले म्हणून नाचायचं नाही अजून. मोबाइलचा उजेड तिरका धर आणि आकड्यांच्या मागचा पृष्ठभाग बघ. कारखान्यात ती पट्टी मशीनने तासलेली असते आणि तिच्यावर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा असतात, आकडे त्या रेघांवर ठोकलेले असतात. रेघा नाहीत, पट्टी आरशासारखी गुळगुळीत आहे किंवा गोल गोल घासल्याच्या खुणा आहेत, आणि आकडे मात्र अगदी टोकदार आणि एका ओळीत, तर कुणीतरी जुने नंबर घासून नवीन ठोकलेत. अशी पट्टी मी एका शोमध्ये बघितलीय, बाकी गाडी आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा सुंदर होती, पट्टीवर सीआरव्ही म्हणजे ४५० हॉर्सपॉवरच्या एलएस६ इंजिनाचा कोड होता आणि त्याच्याखाली एकही रेघ नव्हती. एलएस६ च्या सगळ्या मिळून ४,४७५ बनल्या असं मानतात, म्हणूनच ती अक्षरं सगळ्यात जास्त ठोकली जातात. तुझ्या गाडीवर अचानक एलएस६ निघाली तर आनंद होण्याआधी शंका घे.

मग तारखांची साखळी. ब्लॉक ओतला ती तारीख ब्लॉकवरच कास्टिंगमध्ये उठलेली असते, अक्षर म्हणजे महिना, ए जानेवारी, बी फेब्रुवारी. ओतल्याची तारीख आधी, इंजिन जोडल्याची तारीख त्यानंतर, आणि बॉडीचा आठवडा त्याच्यानंतर किंवा जवळपास. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या बॉडीत मार्चमध्ये ओतलेला ब्लॉक कसा येईल? मन्सी फोर-स्पीड गिअरबॉक्सच्या केसवरही तारीख आणि गाडीच्या नंबराचा तुकडा असतो. कार्ब्युरेटर बघ, ३५० हॉर्सपॉवरच्या साध्या एसएस ३९६ ला रोचेस्टरचा क्वाड्राजेट असतो आणि त्यावर वर्षाचा कितवा दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा असा कोड असतो. अल्टरनेटर, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटरचा पट्टा, काचांच्या कोपऱ्यातली अक्षरं, सीटबेल्टवर शिवलेलं लेबल, सगळ्यांना तारखा आहेत. प्रत्येकाचा फोटो, आणि वहीत एक ओळ. एखादा भाग बदललेला असला तर काही बिघडत नाही, वॉटर पंप आणि अल्टरनेटर बदलतातच, सतरा वर्षं चालवलेली गाडी आहे ती.

आणि इंजिन मूळचं निघालं नाही तर लगेच तोंड पाडू नकोस. या गाड्या ज्यांनी घेतल्या ती विशी-पंचविशीतली पोरं होती, शनिवारी रात्री डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर रेस लावायची, इंजिनं फुटायची. वॉरंटीत शेवरले नवीन ब्लॉक द्यायची आणि त्यावर सीई ने सुरू होणारा शिक्का असायचा. तसा शिक्का आणि डीलरचं बिल दोन्ही असलं तर ती प्रामाणिक गाडी आहे, किंमत कमी पण मान कमी नाही. इंजिन रिबिल्ड करताना मशीन शॉपवाल्याने वरचा थर तासून टाकला आणि त्यात नंबर गेले असंही होतं, तेव्हा पट्टी कोरी असते. कोरी पट्टी मी कधीही घेईन, खोटी पट्टी नाही. हो, आणि एक, १९७० च्या ३९६ चा आकार खरं तर ४०२ क्युबिक इंच होता, बॅज मात्र ३९६ चाच ठेवला, त्यामुळे कुणी तुला ४०२ म्हणून घाबरवलं तर घाबरू नकोस.

रंगाकडे ये. तुला उडालेला रंग दोष वाटतोय आणि मला त्यातच आशा दिसतेय. जीएम त्या काळात ॲक्रिलिक लॅकर मारायची, पातळ असायचा, बोनेटवर आणि टपाजवळ उन्हाने खडूसारखा होतो, कधी बारीक तडे जातात. दार उघडून चौकटीत बघ, कारखान्यातला रंग तिथे पातळ आणि कोरडा असतो, कुठे कुठे खालचा प्राइमर डोकावतो, एखादा ओघळही असतो. दुसऱ्यांदा रंगवलेल्या गाडीत रबरी पट्टीच्या कडेला, काचेच्या मोल्डिंगजवळ, बॅजच्या मागे रंगाची पायरी लागते, नखाला जाणवते. रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर मिळतं, ते आण. मूळ रंग साधारण ३ ते ६ मिल, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, दाखवतो, सगळीकडे १० च्या वर असेल तर पुन्हा रंगवलीय, आणि एखाद्या जागी तीस-चाळीस झालं की खाली पुट्टी आहे. डिकी उघड, आतला ठिपक्या-ठिपक्यांचा रंग मूळचा आहे का, झाकणाच्या आत जॅकच्या सूचनांचं स्टिकर आहे का. एक मडगार्ड कधीतरी ठोकलं म्हणून रंगवलं असेल तर चालतं, सांगितलं म्हणजे झालं. काळे पट्टे मात्र नीट बघ, ते नंतर मारलेले सगळ्यात जास्त सापडतात.

पण गंजाचं प्रेम करू नकोस. आजकाल प्रत्येक सडक्या पत्र्याला लोक पटिना, म्हणजे वयाने आलेली शोभा, म्हणतात त्याचा मला खरंच राग येतो. रंग उडणं, क्रोमवर डाग, सीट उसवणं, हे वय. फ्रेमला भोक पडणं हे वय नाही, ते नुकसान आहे, आणि मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे इथली गाडी म्हटलं की आधी तेच. तुझ्या गाडीला व्हिनाइल रूफ आहे ही मला खटकलेली पहिली गोष्ट, व्हिनाइलखाली पाणी राहतं आणि मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांतून पत्रा सडतो, तिथून पाणी डिकीत उतरतं. व्हिनाइलवर फुगे दिसतायत का ते बोटांनी दाबून बघ. डिकीचा तळ, मागच्या चाकांच्या मागे क्वार्टर पॅनलचा खालचा भाग, पुढच्या पायाखालचा पत्रा, बॉडी फ्रेमवर जिथे टेकते ते माउंट, मागच्या चाकांजवळची फ्रेम. एक साधं चुंबक कापडात गुंडाळून फिरव. आजींना विचार की ती हिवाळ्यात चालवायचे का, प्लांटमधल्या माणसाकडे कामाला जायला दुसरी गाडी असायची बऱ्याचदा. फ्रेम आणि फ्लोअर खरंच गेलेलं निघालं तर माझं वरचं सगळं म्हणणं बदलतं, मग तिला खोलून दुरुस्त करणं हेच बरोबर, आणि किंमत त्याप्रमाणे.

४१ हजार मैल. मीटर पाच आकडी आहे, ९९,९९९ नंतर शून्य, त्यामुळे ४१ हे १४१ असू शकतं, आणि इतक्या जुन्या गाडीच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, मैल लिहिणं बंधनकारक नसतं. क्लचच्या पॅडलचं रबर किती झिजलंय, ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खाली बसतंय का, स्टिअरिंगची कड, हे बघ. सीट उसवलीय म्हणालास, ती उन्हाने फाटलीय की बसून बसून कडेला झिजलीय? दाराच्या चौकटीत ऑइल बदलल्याचं जुनं स्टिकर असेल तर त्यावर तारीख आणि मैल दोन्ही मिळतात.

आता कागदांपेक्षाही मोठी गोष्ट तुझ्याकडे आहे आणि तू ती एका ओळीत उडवलीस. नवी घेतलेल्या माणसाचं घर, आणि त्याची बायको अजून आहे. गावाकडे जमीन घेताना नुसता आजचा सातबारा बघून कुणी पैसे देत नाही, फेरफार मागे मागे काढत जातो, तसंच हे आहे, आणि इथे तर मालक एकच. हे सुख मसल कारच्या बाजारात फार थोड्यांना मिळतं. आजींकडे जाऊन बस, कॉफी पी, घाईने गॅरेजमध्ये शिरू नकोस. कोणत्या डीलरकडून घेतली, जुनी कुठली गाडी दिली होती, लग्नात होती का ती, १९८७ ला का बंद केली, कधी ठोकली होती का, इंजिन कधी उघडलं का, हे सगळं विचार आणि परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड कर. त्या पिढीतल्या कारखान्यातल्या माणसांना पेट्रोल आणि ऑइलच्या नोंदी ठेवायची सवय असायची, एखादी छोटी वही असेल. जुन्या अल्बममध्ये गाडीसमोर उभे राहून काढलेला रंगीत फोटो असेल तर त्यात चाकं, पट्टे, बॅज सगळं दिसतं, आणि तो फोटो १९७१ चा असेल तर पट्टे नंतर मारले का हा वाद तिथल्या तिथे मिटतो. शेवटी एका पानावर हकीकत लिहून आजींची सही घे, नोटरीसमोर. पुढे तू किंवा तुझी मुलं कधी गाडी विकतील तेव्हा ते पान इंजिनावरच्या नंबराइतकंच कामाला येईल.

किंमत. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल असं चाललंय तुमचं सगळ्यांचं सध्या, आजी ३८ म्हणतात, दुकानवाला दुप्पट म्हणतो, आणि अजून कुणी बोनेट नीट उघडलेलं नाही. माझा हिशेब असा. खरी एसएस, मूळ इंजिन आणि गिअरबॉक्स, बराचसा मूळ रंग, फ्रेम धड, आणि सोबत आजींचे कागद, असं निघालं तर ३८ हजार मला कमीच वाटतात. खरी एसएस पण इंजिन दुसरं, तर ३८ वर बोलायला जागा आहे. एसएसचा काहीच पुरावा नाही आणि पायाखालचा पत्रा गेलेला, तर ती मालिबू समजूनच बोलायचं, मग बॅज कितीही असोत. जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या हॅगर्टीचं प्राइस गाइड ऑनलाइन बघ पण त्यातले आकडे गाडीच्या अवस्थेप्रमाणे एक ते चार असे असतात आणि एक नंबर म्हणजे शोमध्ये बक्षीस मिळवणारी, तुझी बंद पडलेली गाडी चौथ्याच्या आसपास धर, वर मूळपणाचं काय ते वेगळं. लिलावाच्या बातम्यांनी डोकं फिरवू नकोस. स्टीव्ह मॅक्वीनच्या सिनेमातली १९६८ ची हिरवी मस्टँग २०२० मध्ये फ्लोरिडात मेकमच्या लिलावात फीसकट ३७.४ लाख डॉलरना गेली, तीही न रंगवलेली, डागाळलेली. पण ते पैसे त्या एका गाडीच्या इतिहासाचे होते, उडालेल्या रंगाला तेवढे मिळत नाहीत.

आणि एक मनापासून सांगतो. तपासल्यावर गाडी ३८ पेक्षा जास्त किमतीची निघाली तर ते आजींपासून लपवू नकोस. तू त्यांचा शेजारी आहेस, परदेशात असा शेजार मिळणं सोपं नाही, आणि ओहायोचा माणूस उद्या जास्त बोली लावेल तेव्हा तू काय लपवलंस ते कळणारच आहे. त्यांना सरळ म्हण, आजी, मला तपासायला आठवडा द्या, जे सापडेल ते तुम्हालाही दाखवीन, आणि मग दोघं मिळून आकडा ठरवू. त्या हो म्हणाल्या तर थोडे पैसे ॲडव्हान्स देऊन एक कागद करून घे की तपासणीवर व्यवहार अवलंबून आहे. तपासायला शेव्हेलच बघणारा एखादा स्वतंत्र अप्रेझर, म्हणजे गाडी पारखून किंमत सांगणारा माणूस, बोलाव, विकणाऱ्या दुकानाचा नको, काहीशे डॉलर जातील ते जाऊ दे. नोव्हेंबरमध्ये शिकागोजवळ रोझमाँटला मसल कार अँड कॉर्वेट नॅशनल्स भरतं, तिथे न रिस्टोअर केलेल्या गाड्या जवळून बघायला मिळतात, या वर्षी जाच. गाडी घेतलीस तरी जा, पुढे काय जपायचं ते तिथे कळतं.

घेतलीस तर किल्ली फिरवू नकोस. १९८७ चं पेट्रोल टाकीत आता डांबर झालेलं असणार. स्पार्क प्लग काढून सिलेंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, दोन-चार दिवस ठेवायचं, मग पान्याने हाताने इंजिन फिरतंय का बघायचं, टाकी आणि लाइन साफ, ब्रेक नवीन, आणि मगच स्टार्टर. टायर, ब्रेक होज, बेल्ट, पेट्रोलचे पाइप हे जिवाचे भाग, ते बदलायचेच, तिथे मूळपणाचा हट्ट नको. पण काढलेला प्रत्येक भाग, अगदी कडक झालेला होज आणि गंजलेला क्लॅम्पसुद्धा, पिशवीत घालून वर तारीख लिहून ठेव. रंगाला मशीन पॉलिश लावू नकोस, लॅकर कडांवर पटकन उतरतो आणि खालचा प्राइमर दिसायला लागतो. मऊ कापड, साधं पाणी, आणि तेही सगळे फोटो काढून झाल्यावर. सीट शिवायची तर उसवलेली शिवण फक्त, नवीन कव्हर नाही.

वहिनींचं म्हणणं चुकीचं नाहीये. ३८ हजारांत नवीन गाडी येतेच, आणि या गाडीवर तुझी ऑफिसला जायची सोय होणार नाही, वर पहिल्या वर्षात दुरुस्तीला काही हजार धरून ठेव आणि ठरलेल्या किमतीचा विमा घ्यावा लागेल तो वेगळा. घरखर्चातून किंवा कर्ज काढून घेणार असशील तर घेऊ नकोस, हे मी स्पष्ट सांगतो. बाजूला ठेवलेले पैसे असतील तर त्यांना बरोबर घेऊन आजींकडे जा, एकट्याने ठरवू नकोस.

राहिलं टायटल. ते बहुतेक आजोबांच्या नावावर असेल, म्हणून पैसे देण्याआधी आजींना सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसमध्ये, मिशिगनमध्ये गाड्यांची नोंदणी तिथेच होते, नाव बदलून घ्यायला मदत कर, बरोबर मृत्यूचा दाखला लागेल आणि वाटणीचं काही असेल तर ते कागदही. टायटलवरचा नंबर आणि डॅशबोर्डवर काचेतून दिसणारा नंबर अक्षर अक्षर जुळव, आणि ती नंबर प्लेट ज्या रिव्हेटनी बसवलीय त्यांचा आकार बघ, जीएमचे रिव्हेट फुलासारखे पाकळ्यांचे असतात. साधे गोल रिव्हेट किंवा स्क्रू दिसले तर तिथेच थांब, कारण नंबराशी छेडछाड झालेली गाडी पोलीस जप्त करू शकतात. सगळं ठीक असेल तर इंजिनावरच्या पट्टीचा, ट्रिम टॅगचा आणि मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांचा, असे फोटो शुक्रवारपर्यंत मला पाठव, तिरक्या उजेडात काढलेले.